चोराच्या आधी मेल पाठवणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम कोणाचाही पेनड्राइव्ह हातानं उचलत नसत. त्यांच्या टेबलाच्या खणात स्वयंपाकघरातली एक सांडशी असायची. कोणी पेनड्राइव्ह पुढे केला की त्या सांडशीनं धरून तो उलटासुलटा बघायच्या आणि विचारायच्या, हा कुठून कुठून फिरून आला? समोरचा माणूस गोंधळायचा. कोणी म्हणायचा भाचीचा आहे, कोणी म्हणायचा सुपेल्याच्या फोटो स्टुडिओतून आला. मग त्या तो पेनड्राइव्ह कोपऱ्यातल्या, कुठल्याच तारेला न जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरात घालून तपासायच्या आणि तेव्हाच परत द्यायच्या. सुरुवातीला मला वाटलं होतं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे. असं वाटणारी मी एकटी नव्हते.

हिंदी मुलखातल्या हथखोजला आमचा कारखाना. ढलाईचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग करायचे, घासायचे, पेट्यांत भरून पाठवायचे. साठ-सत्तर माणसं, त्यातली वीसेक कॉम्प्युटरपुढे. मी डिस्पॅचमध्ये चलान टाइप करायची. मॅडम 'सिस्टीम' बघायच्या. म्हणजे कॉम्प्युटर, मेल, प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा, सगळंच. वय साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, सुती साडी आणि पायात कारखान्याचे सेफ्टी शूज. त्या रिसालीला राहायच्या, मीही रिसालीचीच. माझे वडील सरकारी पोलाद प्लांटमधून रिटायर झालेले, त्यांचे वडीलही प्लांटमध्येच खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे मजूर, होते, भंडाऱ्याकडून आलेले. पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला हिंदीत काहीतरी विचारलं, मी हिंदीत उत्तर दिलं. त्यांनी माझं आडनाव पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग हिंदीत कावून बोलून राहिली? घरी बोलतो तशी बोल ना." त्या दिवसापासून कारखान्यात मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं झालो. घरात बोलायची भाषा कामाच्या ठिकाणी बोलताना मला आधी लाज वाटायची. नंतर ती लाज कधी गेली ते आठवत नाही.

त्यांच्याबद्दलच्या गोष्टी कारखान्यात सगळ्यांना पाठ होत्या. भावाचा फोन आला तरी त्या आधी त्याला लहानपणची एखादी गोष्ट विचारायच्या आणि बरोबर उत्तर आल्यावरच पुढे बोलायच्या. भाऊ वैतागून फोन ठेवायचा, पण पुढच्या वेळी उत्तर तयार ठेवायचा. एकदा पुतणीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॅपवर फाइल म्हणून आली. असल्या पत्रिकेआडून लोकांचे मोबाइल लुबाडले जातात हे त्यांना ठाऊक होतं. फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं, पण त्या स्कूटी काढून थेट दुर्गला गेल्या, पत्रिका तुम्हीच पाठवली ना म्हणून विचारलं, तिथं जेवल्या, परत आल्या आणि मग ती फाइल उघडली. लग्नाची तारीख त्यांना जेवतानाच कळली होती. तरी उघडली. पत्रिका छान आहे म्हणाल्या.

त्यांचं खरं वेड मात्र वेगळं होतं. चोर बँकेच्या, सरकारी ऑफिसच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावानं खोटी मेल पाठवतात, त्यातल्या लिंकवर आपण गेलो आणि पासवर्ड टाकला की तो त्यांच्या हाती पडतो. या प्रकाराला फिशिंग म्हणतात. मॅडमचं म्हणणं असं, की प्लांटमध्ये गॅसगळतीचं मॉक ड्रिल होतं, खोटा भोंगा वाजतो, माणसं पळायचा सराव करतात. तसा सराव मेलचाही झाला पाहिजे. त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. चोर पाठवतो तशीच मेल ते आपल्याच माणसांना पाठवतं आणि कोण फसलं ते दाखवतं. त्यांनी निवडलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. त्याचा कोड कोणालाही घेता येतो, वाचता येतो, दुरुस्त करता येतो. मोडीत निघालेल्या एका कॉम्प्युटरवर त्यांनी ते बसवलं, त्या कॉम्प्युटरच्या अंगावर खडूनं 'गळ' असं लिहिलं आणि टाकलेले पासवर्ड साठवूनच ठेवायचे नाहीत अशी त्याची सेटिंग केली. कोणाचा पासवर्ड मला बघायचाच नाही, म्हणायच्या.

त्या तो कोड छापून वाचायच्या. रोज दहा पानं, जेवणाच्या सुट्टीत, गोदामामागच्या कडुनिंबाखाली, डबा उघडा ठेवून, लाल पेन घेऊन, शाळेतल्या बाई वह्या तपासतात तशा. मी विचारलं, एवढं कशाला वाचता, चालतंय ना? त्यांनी घास संपवला आणि पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगितलं. तरुणपणी त्या दुर्गच्या एका खाजगी कंपनीत टेलिफोन बोर्डावर होत्या. तिथं पहिला कॉम्प्युटर आला. त्याची माहितीपुस्तकं एका साहेबाच्या कपाटात, कपाटाला कुलूप. बाकीच्या पोरांना पुस्तकं मिळायची. यांनी मागितली की साहेब म्हणायचा, तुम्हारे काम की नहीं हैं. तीन वर्षं मागितली. कारण कोणी तोंडानं बोललं नाही, पण बुद्धविहारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बायकांना ते सांगावं लागलं नाही.

"आपल्या लोकायले वाचू द्यायचं नाही, एवढीच तर सारी गोष्ट होती," त्या म्हणाल्या. "आता हे कोणीतरी कुठंतरी लिहिलं अन् उघडं ठेवलं, की या, वाचा. मंग मी कशी न वाचू?"

मी दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन कडुनिंबाखाली जायला लागले. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून सांगायच्या आणि मला परत सांगायला लावायच्या.

पहिलं ड्रिल दिवाळीच्या आधी झालं. मालकांची लेखी परवानगी मॅडमनी घेतली होती. त्याशिवाय आपल्यात आणि चोरात फरक काय, असं त्या म्हणायच्या. मेल त्यांनीच लिहिली. सुंदर हिंदी, एक चूक नाही. विषय होता, कायम करण्यात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी. यादी बघायला लिंकवर जा आणि आपला मेलचा पासवर्ड टाका. आमच्यातले बरेचजण कंत्राटावर होते, वर्षानुवर्षं. मीही होते. मॅडमनी ती मेल मला आधी दाखवली नव्हती, आणि मी डोळे मिटून पासवर्ड टाकला. समोर पान आलं: हा सराव होता, घाबरू नका, पुढच्या वेळी हे हे बघा. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

पण माझं काहीच नाही. आमचे डिस्पॅचचे साहूजी, सुपेल्याचे, पन्नाशी ओलांडलेले, अकरा वर्षं कंत्राटावर. लिंकवर गेल्यावर त्यांच्या जुन्या मोबाइलवर पुढचं पान नीट उघडलंच नाही. त्यांना वाटलं, नेटवर्क नसेल, यादी उद्या बघू, पण मेल आली म्हणजे नाव असणारच. त्यांनी घरी फोन केला. त्यांच्या बायकोनं त्याच संध्याकाळी शंकरपाळ्यांसारखी गोड खुरमी तळली आणि गल्लीत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहूजींना खरं कळलं. ते आरडाओरडा करणारे नव्हते. मॅडमच्या टेबलापाशी गेले, हिंदीत एवढंच म्हणाले, की चोरानं केलं असतं तर मी चोराला शिव्या दिल्या असत्या. आणि जागेवर येऊन चलान मोजायला लागले. मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

संध्याकाळी मला म्हणाल्या, चल माझ्यासोबत. सुपेल्याच्या चौकातली गर्दी कापत आम्ही स्कूटीवरून साहूजींच्या गल्लीत गेलो. साहूजी बाहेर आले नाहीत. त्यांची बायको दारात उभी राहिली. मॅडम उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, की ही चूक तुमच्या नवऱ्याची नाही, माझी आहे. मी असं आमिष लिहायला नको होतं. साहूजींच्या बायकोनं ऐकून घेतलं. मग विचारलं, आता गल्लीत काय सांगू? मॅडमनी विचारलं, मी सांगू का? आणि खरंच, ज्या ज्या घरी खुरमी गेली होती त्या प्रत्येक दारी जाऊन त्यांनी सांगितलं, की कारखान्याच्या मेलमध्ये चूक झाली, ती मी केली. सात-आठ घरं असतील. मी मागे मागे. एका घरात लोक हसले. मॅडम तिथंही पूर्ण वाक्य बोलूनच निघाल्या.

परत येताना रिसालीच्या वळणावर त्यांनी स्कूटी थांबवली. "लोकायच्या आशेचा गळ नाही करायचा," त्या म्हणाल्या. "हे मले कोडात नाही सापडलं. हे लिहून ठेव." मी तेव्हा मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. अजून आहे.

चोर तर असली आमिषं टाकणारच, मग सराव कसा व्हायचा, असं मी नंतर एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, आगीचा सराव करायला घर जाळत नाहीत. त्यापुढच्या त्यांच्या मेल साध्या असायच्या. कुरिअर आलं आहे, मेलबॉक्स भरला आहे, मीटिंगची वेळ बदलली.

मालकांना मात्र वेगळंच हवं होतं. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं आणि फसलेल्यांची नावं मागितली. मी प्रिंट घेऊन सोबत गेले होते. त्या प्रिंटमध्ये नावं नव्हती. निम्म्याहून जास्त लोक फसले, एवढंच होतं. मालक म्हणाले, असली माणसं मला ठेवायची नाहीत, दोन-तीन काढली की बाकीचे सुधारतील. मॅडम म्हणाल्या, नावं मी देणार नाही. मालक म्हणाले, पगार मी देतो. त्यावर मॅडमनी शांतपणे सांगितलं, की आज तुम्ही एकाला काढलं तर उद्या खरा चोर आत शिरेल तेव्हा ज्याच्या हातून चूक होईल तो लपवेल. लपवलेली चूक आपल्याला महिन्यानं कळेल. मला माणूस पाच मिनिटांत माझ्याकडे यायला हवा आहे.

"और अगर किसी को निकालना ही है," त्या म्हणाल्या, "तो वह मेल मैंने लिखी थी. पहला नाम मेरा लिखिए."

मी भिंतीला टेकून उभी होते. 'गळ'वर फसलेल्यांची जी यादी होती तीत माझं नाव होतं, आणि घरी माझ्या पगाराशिवाय वडिलांची पेन्शन तेवढी होती. मालक म्हणाले, जाइए. बाहेर आल्यावर मॅडमनी 'गळ'वरची ती यादी माझ्यासमोर पुसून टाकली. मग मला उगाच प्रिंटर बघायला पाठवलं.

एका गोष्टीचा त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीत लिहिलेली नावं मेलच्या विषयात गेली की तुटायची, चौकोन चौकोन दिसायचे. कोड वाचता वाचता त्यांना ते कुठं बिघडतं ते सापडलं. त्यांनी बारा ओळींची दुरुस्ती लिहिली आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली, कुठल्या कुठल्या देशातले लोक ते. त्यांनी दोनदा परत पाठवली, हे असं नको, असं करा म्हणून. मॅडमनी दोनदा पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा त्यांनी घेतली. मला कळलं ते त्या सॉफ्टवेअरच्या पानावर दुरुस्त्या करणाऱ्यांची यादी बघताना. शेकडो नावांमध्ये त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मी धावत जाऊन विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, उघडंच तर आहे, कोणीही वाचावं.

मी घरी वडिलांना सांगितलं. जगात जिथं जिथं ते चालतं तिथं रिसालीतल्या बाईच्या बारा ओळी आहेत म्हटलं. वडिलांना सॉफ्टवेअर कळत नाही. त्यांनी ते पान मोबाइलवर मोठं करून घेतलं आणि मॅडमच्या वडिलांचं नाव वाचलं. ते प्लांटमध्ये माझ्याच शॉपला, म्हणजे माझ्याच विभागात, होते, म्हणाले. मग बराच वेळ मोबाइल परत दिला नाही.

खरा चोर आला तो उन्हाळ्यात, एका मंगळवारी, जेवणाच्या थोडं आधी. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या नावानं मेल आली, सुधारित ड्रॉइंग जोडलं आहे म्हणून. असली ड्रॉइंगं रोज यायची. साहूजींनी लिंक उघडली, पासवर्ड टाकला, पान कोरंच राहिलं. ते दोन-तीन मिनिटं तसेच बसून राहिले. मग उठले. ड्रिल झाल्यापासून साहूजी मॅडमशी एक शब्द बोलले नव्हते. काम असलं तर माझ्यामार्फत चिठ्ठी. त्या दिवशी ते सगळं शेड ओलांडून, चपला फटफटवत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, मुझसे हो गया," ते म्हणाले. "पासवर्ड डाल दिया मैंने."

मॅडम खुर्चीतून उठल्या, त्यांना तिथं बसवलं आणि म्हणाल्या, अच्छा किया, बता दिया. मग मला हाक मारली. पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. साहूजींचा पासवर्ड बदलला, त्यांच्या नावानं दुसरीकडून उघडलेला मेलबॉक्स बंद केला. आत पाहिलं तर चोरानं तेवढ्यातच एक नियम लावून ठेवला होता, की साहूजींना येणारी प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या एका पत्त्यावर जावी. तो काढला. आणि मसुद्यांमध्ये एक मेल तयार पडलेली होती, आमच्या सगळ्या ग्राहकांच्या नावे, साहूजींच्या सहीसकट. पाठवायचीच बाकी होती. मॅडमनी तिची प्रत घेतली, मेल काढून टाकली आणि लगेच एकेका ग्राहकाला फोन लावले, कुठली विचित्र मेल आली तर उघडू नका म्हणून. एकाही ग्राहकाकडे काही पोचलेलं नव्हतं.

मालकांनी संध्याकाळी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. काय झालं ते मॅडमनी सांगितलं, नाव न घेता. मालकांनीही विचारलं नाही. तेवढ्यात साहूजी स्वतःच पुढे आले आणि म्हणाले, वो मैं था. मालक त्यांच्याजवळ गेले, हात पुढे केला. साहूजींनी आधी आपला हात पॅंटला पुसला, मग मिळवला. टाळी कोणी पहिल्यांदा वाजवली ते मला माहीत नाही, पण भट्टीवरचे लोकही वाजवत होते, ज्यांना मेल म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नव्हतं. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पदर घट्ट धरून उभ्या होत्या आणि साहूजींकडे असं बघत होत्या, जणू स्वतःच्या मुलाचा रिझल्ट लागलाय.

त्या दिवसानंतर दर महिन्याला त्या मालकांच्या केबिनमध्ये एकच विषय काढायच्या. आठ महिने लागले. साहूजी आणि आणखी चौघं कायम झाले. पत्रं मी टाइप केली, आणि मॅडमच्या सांगण्यावरून ती मेलनं गेली नाहीत. कागदावर, सहीशिक्क्यानं, हातात दिली गेली.

मॅडमनी काम सोडलं तेव्हा त्यांची जागा मला मिळाली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून त्यांचा एकेक प्रवेश बंद करायला लावला, मेल, सर्व्हर, कॅमेरा, सगळं. मग मालकांकडून एक कागद सही करून घेतला: पुढचा एक महिना मी बाहेरून आत शिरायचा प्रयत्न करीन, याला परवानगी असावी. मालक हसले. मी हसले नाही. मला ठाऊक होतं त्या काय करू शकतात.

तो महिना मी नीट झोपले नाही म्हटलं तरी चालेल. कुरिअरवाल्याच्या नावानं मेल आली, मालकांच्या नावानं आली, एकदा माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या नावानं आली. एकदा स्टोअरमधल्या मुलीला फोन आला, मी इन्स्पेक्शनमधून बोलतेय म्हणून. तिनं सांगितलं, थांबा, मी तुम्हाला परत फोन लावते. एकजण मात्र फसला. चार मिनिटांत माझ्या टेबलाशी आला, तोंड पडलेलं. मी उठले, त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि लगेच त्याचा पासवर्ड बदलला.

महिना संपल्यावर मॅडम आल्या. हातात वहीचं फाडलेलं एक पान. अकरा प्रयत्न, ओळीनं, तारखांसकट, आणि प्रत्येकापुढे लाल पेनानं एकच शब्द: बंद. जो फसला होता त्याच्यापुढेही बंद.

मी म्हटलं, मॅडम, तो तर आत गेला होता.

"चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "चार मिनिटांत मले काय करता येते? मी चहा मांडला होता, तो उकळायच्या आत तू मले बाहेर काढलं." मग खाली सही केली आणि पान माझ्याकडे सरकवलं. "तुले हे मी फुकटात नाही देऊन राहिली, पोरी. मी पूर्ण जोर लावला होता."

त्या गेल्यावर मी ते पान मालकांना दाखवायला नेणार होते. पण आधी दोन मिनिटं तिथंच बसून, कोणी बघत नाही ना ते पाहून, सगळ्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या.